गोदूचं मुंबईचं पोलकं

रविवार, ता. २१ ऑक्टोबर १९३४

चट्टा आहे. गोदूच्या डाव्या दंडावर, मागच्या अंगाला. पाऊण इंच रुंद, एक इंच दोन सूत लांब. कडा धड नाहीत. रंग भोवतालच्या कातडीपेक्षा फिका — गव्हाळ कापडावर ताक सांडून वाळल्यासारखा.

मुंबईला जायचं म्हणून पोरीला नवं पोलकं शिवायला घेतलं. फुग्याच्या बाह्या हव्यात म्हणाली. म्हणून दंडाचं माप घेत होतो. टेप तिथंच थांबली.

“किती, बाबा?”

“साडेआठ.”

लिहून घेतलं. अक्षर असं उमटलं की दुसऱ्या कुणाला वाचता यायचं नाही.

श्रीवर्धनच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लावलाय. पावसाळ्याआधी गेलो होतो तेव्हा उभ्या उभ्या सगळा वाचला. मी वाचलेलं विसरत नाही. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण कोटाचं कटिंग इंग्रजी पुस्तकातल्या नुसत्या आकृत्या बघून शिकलेला माणूस आहे मी! तक्त्यावर होतं — अंगावर फिकट चट्टा येतो. तिथं टोचलं तर समजत नाही. आणि सगळ्यात वर ठसठशीत अक्षरांत रोगाचं नाव.

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

सोमवार, ता. २२

मुंबईचा बेत माझाच. दसऱ्याला सोनं वाटता वाटता जाहीर करून बसलो — दिवाळीची शिलाई हातावेगळी झाली की सगळ्यांनी मुंबई बघायची. मी, केसर, गोदू आणि आक्का. (आक्का माझी थोरली बहीण, नीराबाई. मेहुणे गेल्यापासून आमच्याकडेच असते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असतं.)

बेत चोख आखलाय. दिघीहून आगबोट. भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. भुलेश्वराजवळ धर्मशाळा. पहिल्या दिवशी राणीचा बाग. दुसऱ्या दिवशी म्युझियम, तिथून पायी अपोलो बंदर. तिसऱ्या दिवशी महालक्ष्मी आणि संध्याकाळी चौपाटी. कुठून कुठे ट्राम, कुठे पायी, सगळं लिहून ठेवलंय.

आता त्यात एक जागा वाढली. कातडीचा डॉक्टर. म्युझियमच्या दिवशी, बायकांना धर्मशाळेत जरा पडू द्यायचं आणि गोदूला घेऊन मी निघायचं. “बापलेक बाजार बघून येतो” असं सांगायचं.

इथं दाखवायची सोय नाही. दवाखान्यातला कंपाउंडर आमच्या बोर्लीचाच. सकाळी दाखवलं तर दिवेलागणीच्या आत माणगावपर्यंत बातमी! आणि माणगावची मंडळी तुळशीचं लग्न झालं की गोदूला बघायला यायची आहेत. पोरीला चौदावं सरत आलं.

कुणाला काही बोललो नाही. केसरलाही नाही.

बुधवार, ता. २४

फकरुद्दीनशेठ कोटाची ट्रायल द्यायला आले. सुपारीचे व्यापारी, अर्धा जन्म मुंबईत. त्यांच्यासमोरच इस्त्रीत निखारे भरत होतो, एक खाली पडला. डाव्या हाताने उचलून परत आत टाकला.

“या अल्ला! मास्तर, अंगार हाय तो, सुपारी न्हाय!”

म्हटलं, शेठ, पंचवीस वर्षं इस्त्री धरलेला हात आहे हा. आता तर अंगुस्तानसुद्धा सोडलंय. बोटात टोपी घालायची नवशिक्यांनी. सुई लागली तरी माझा हात हलत नाही.

शेठनी बाहेर बाकावर बसलेल्या दोघा-चौघांना बोलावून पुन्हा सांगितलं. “असा कारागीर मुंबईत बी न्हाय!” खोटं कशाला लिहू — या दिवसांत तेवढंच बरं वाटलं.

मग कॉलरला टाचणी लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं — मुंबईत कातडीचा चांगला डॉक्टर कोण? एका गिऱ्हाइकाला हवाय.

“खाज हाय का त्याला?”

“असेल.”

“मग गंधक लाव म्हणावं! खाजेपायी मुंबई? कोण येवढा नवाब हाय?”

शेवटी गिरगावातला एक पत्ता दिला. टाचणी लावायची राहिलीच.

शनिवार, ता. २७

आज वाईट वागलो.

केसरला सांगितलं, गोदूचं ताट-वाटी, तांब्या वेगळा ठेव. तिला जरा पलीकडे वाढ.

“बाजूला बसवायला ती काय इटाळशी हाय?”

म्हटलं, मुंबईला जायचंय. स्वच्छतेची सवय लागू दे.

“मग सवय तिलाच का? तुमी काय मुंबईत जन्मलाव?”

आक्का वाटच बघत होती. “नाम्या, मुंबईत मानसं येकेकटी जेवत असतील तर मला न्हाय बघायची तुझी मुंबई.”

गोदू उठली. ताट उचललं आणि दाराशी जाऊन बसली. पाठमोरी. पाठमोरी बसल्यावर दंड नेमका माझ्याकडे!

दुपारी तिच्या हातातून काजं-बटणंही काढून घेतली. आठ वर्षांची असल्यापासून माझी काजं तीच करते. अशी काजं गावात कुणाला जमत नाहीत.

“बाबा, माझं काज वाकडं झालं का?”

नाही म्हटलं. वाकडं झालं असतं तर किती बरं होतं.

मंगळवार, ता. ३०

शिवलेले कपडे पोचवायला खाडीच्या वाटेनं गेलो. खरं तर ती लांबची वाट. का गेलो ते माझं मला माहीत.

त्याच रोगापायी गावाबाहेर काढलेला धर्माजी खोपटाच्या दाराशी बसलेला होता. त्याच्या लग्नातली बंडी मी शिवली होती — खांदा इतका रुंद की दोनदा उसवून वाढवावी लागली. आता भाऊ लांबच्या धोंड्यावर भात ठेवून जातो. बायको माहेरी. पोरीला अजून कुणी पत्करलेलं नाही.

लांबूनच ओरडला, “मास्तर, मुंबईला निघालाव म्हनं!”

म्हटलं, होय. मग पाय निघेना. विचारलं, दुखतं का रे?

“न्हाय वो. दुखलं असतं तर येळेवर कळलं नसतं का? तीच तर खोड हाय ह्याची.” मग दोन्ही हात वर करून दाखवले. बोटं आत वळलेली. “माझ्यापायी मुंबईस्नं हातमोजं आना येक जोडी. मापाचं!”

स्वतःच हसला. मला हसता आलं नाही. घरी येऊन आंघोळ केली. त्याच्यापासून वीस हात लांब उभा होतो, तरी केली.

शुक्रवार, ता. २ नोव्हेंबर

टोचून बघायला हवं. घरात सुयांना तोटा नाही. धीराला आहे.

सोमवार, ता. ५

कामाचा डोंगर. दिवाळी तोंडावर आली आणि अख्ख्या गावाला एकाच वेळी अंग फुटलंय. बटणं हातातून सारखी निसटतात. डावी करंगळी आखडलीय, सरळच होत नाही — कापड दाबून धरून धरून. झोपही नाही. सण झाला की हाताला विसावा द्यायचा.

आक्काची तयारी दांडगी. राणीच्या बागेतल्या हत्तीला द्यायला म्हणून नाचणीची भाकरी वाळवून ठेवलीय! म्हटलं, अगं, तिथं हत्तीला सरकार खायला घालतं. “सरकार घालतंय ते दिसतंय की. आपल्याला तरी काय घालतंय?”

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग संध्याकाळी गोदू मशीनजवळ येऊन उभी राहिली. पोलकं तयार होतं, फक्त हुक लावायचे होते. म्हणाली, “बाबा, मी नाही येत मुंबईला. तुम्ही आईला नि आत्याला न्या. मी घर सांभाळते.”

“का गं?”

“माझ्यामुळे तुम्हांला त्रास होतो ना काहीतरी.”

एवढंच. पोलक्याकडे बघितलंसुद्धा नाही.

 काय सांगू? की तू नाही आलीस तर मुंबईच नाही?

शनिवार, ता. १०

सगळं क्रमाने लिहितो. नीट लिहितो.

दिवाळी झाली. बोट सोमवारची. आज दुपारी गोदूला पोलकं घालून बघायला लावलं. फुग्याची बाही दंडावरच संपते. चट्टा निम्मा बाहेर. आक्काच्या नजरेला पडलाच.

“आगं, हे काय?”

 आक्काने पोरीला उजेडाकडे वळवलं, बोटाने घासलं, नखाने खरवडलं. बारीक कोंडा निघाला.

“शिबं हाय! नाम्या, तुला आटवत न्हाय? ह्या वयात माझी पाठ निस्ती चितरी झाल्ती. आई करंजेल चोळायची. म्हैन्याभरात जातंय.”

शिबं! तक्त्यात शिबं नव्हतं.

तरी माझं समाधान होईना. मी म्हटलं, थांबा. गोदूला म्हटलं, डोळे मीट. सुई घेतली. हळूच टेकवली.

“आई गं! टोचलं ना बाबा!”

कडेला. मध्यभागी. पुन्हा मध्यभागी. दर वेळी ओरडली. दर वेळी नेमकी जागा सांगितली. मी तिथंच खाली बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. केसर म्हणे, “आवो, टोचलं तिला आन रडता तुमी?” मग मला सगळं सांगावं लागलं. ताट का, काजं का, झोप का नाही. केसरने मला एक शब्द ऐकवला नाही, नुसती पोरीला जवळ घेऊन बसली. आक्काने दोघींच्या वाटचं ऐकवलं. “वाचतोय मोठा! भित्तीवरचं वाचलंस, घरातल्या म्हातारीला इचारलं न्हाईस!”

खरं आहे. आनंदाने ऐकून घेतलं.

गोदू तर उड्याच मारायला लागली. हातातली सुई हिसकावून घेतली. “आता तुमच्यावर राज्य, बाबा! मला इतक्या वेळा टोचलंत. मिटा डोळे!”

मिटले. डावा हात पुढे केला. तिघी हसत होत्या. मी वाट बघत होतो.

बराच वेळ झाला. म्हटलं, “टोच की गं.”

“टोचलं ना! कधीचं!”

डोळे उघडले. सुई करंगळीत उभी होती.

केसरचं हसू थांबलं. मीच घाईने म्हटलं, “शिंप्याचा हात आहे हा. उगीच नाही अंगुस्तान सोडलं.” आक्का म्हणाली, “कातडी न्हाय, चामडं हाय नुस्तं!” पुन्हा हसायला लागल्या. मीही हसलो. मोठ्याने.

मग दुकानाचं दार लावून बसलो. उजव्या हातात सुई. डोळे मिटून. करंगळी — नाही. तिच्या शेजारचं बोट — नाही. तळव्याची कड — नाही. मनगटाच्या वर आल्यावर टोचलं. मनगटाखाली रक्ताचे थेंब आले होते. एकही समजला नव्हता.

इस्त्रीतला निखारा. निसटणारी बटणं. फकरुद्दीनशेठनी माणसं गोळा करून केलेलं कौतुक!

या हाताने गावातल्या कुणाचं माप घेतलं नाही? बाळंतविड्याची टोपडी याच हाताने शिवली. गोदूचा दंड याच हाताने धरला. रोज संध्याकाळी तिच्या केसांवरून फिरतो तो हाच.

आणि मी ताट कुणाचं वेगळं केलं!

रविवार, ता. ११

उद्या पहाटे दिघीला निघायचं. बेत तोच. बाग, म्युझियम, अपोलो बंदर, महालक्ष्मी, चौपाटी. गिरगावचा पत्ता खिशात आहे. “बाजार बघून येतो” म्हणून एकटाच जाईन. बायकांना चौपाटी दाखवून झाल्यावर. आधी नाही.

आक्काने गोदूच्या दंडाला करंजेल चोळून दिलंय. पोलक्याचे हुक गोदूनेच लावले, काजंही तिचीच. सकाळपासून अंगावरून काढायला तयार नाही. ताट उचलून पुन्हा आमच्यात येऊन बसली.

मी दाराशी बसलो. वारा येतो म्हटलं. जेवून झाल्यावर माझा पेला मीच घासला आणि बाजूला पालथा घातला. गोदू तो उचलायला आली.

“हात लावू नकोस!”

दचकली. पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खुदकन हसली.

“अजून तुमच्यावरच राज्य का, बाबा?”