भिंगरावांचा मोगरा

४ मार्च, सोमवार

आई गेली एकदाची. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणजे दीड महिना तरी निश्चिंती. जाताना नेहमीच्या सूचना – गॅस बंद कर, वेळेवर जेव. शेवटची सूचना जिन्यातून परत वर येऊन: "मोगऱ्याकडे बघ. आणि ते सकाळी येतील झाड बघायला. येऊ दे त्यांना. तोंड वाकडं करू नकोस."

"ते"! आत्तापासूनच.

ते म्हणजे चौकातले चष्मेवाले. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, आणि आता माझ्या आईशी करायचं म्हणतात. आईने हे मला गेल्या महिन्यात सांगितलं – भांडी पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून. मी म्हणाले, तुझं आयुष्य, तुझी मर्जी. ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात "खड्ड्यात जा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. काल मी आपण होऊन विषय काढला, तर म्हणाली, त्यावर आता काही बोलायचं नाही. म्हणजे परत आल्यावर बोलू. उत्तम! तोवर माझं म्हणणं पुराव्यानिशी तयार असेल.

मी त्यांना भिंगराव म्हणते. मनात, आणि इथे.

५ मार्च, मंगळवार

आले. दुकान उघडायच्या आधी, इस्त्रीचा शर्ट, खिशात काचा पुसायचं फडकं. गॅलरीत जाऊन नाकावरचा चष्मा काढला, खिशातला दुसरा लावला आणि एक पान बघितलं. एक! मग पुन्हा पहिला चष्मा. मग म्हणाले, "बरं आहे."

एवढ्यासाठी तीन जिने.

मला अहो-जाहो करतात. "तुम्ही बऱ्या आहात ना?" निम्म्या वयाच्या मुलीला! लोकांना यात सभ्यपणा दिसेल. मला चीड येते. अंतर ठेवायचं काम माझं आहे, त्यांनी कशाला करावं?

झाडाबद्दल. गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला त्यांनीच आणून दिलं. तेव्हा रोपवाटिकेतली चार फुलं होती त्यावर. ती गळली, त्यानंतर वर्षभरात एक कळी नाही. नुसता पाला. आई तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभी राहते – जशी काही आज उमलणारच आहेत. देणाऱ्यासारखंच झाड: दिसायला ठीक, निष्पत्ती शून्य.

९ मार्च, शनिवार

ठरवलं – हे झाड मी फुलवून दाखवणार. आई येईल तेव्हा फुलं असतील आणि ती माझ्यामुळे असतील. वर्षभर "बरं आहे, बरं आहे" म्हणत पानं बघणारा माणूस किती उपयोगाचा, हे न बोलता सिद्ध होईल.

आई पाणी अंदाजाने घालते. अंदाज! मी पोटासाठी लोकांचे थर्मामीटर आणि वजनकाटे तपासते. अंदाज हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात. ऑफिसातून बाद झालेला एक काटा मागून आणला. किंचित चुकतो, पण झाडाला पुरे. आता कुंडी काट्यावरच राहील. जेवढं वजन उतरेल, तेवढंच पाणी घालायचं. साधं आहे.

१२ मार्च, मंगळवार

वजन उतरत नाही. ऊन कडक, पानं टवटवीत – आणि काटा म्हणतो पाणी उडालंच नाही. काटा उघडून तपासला. ठीक आहे.

१३ मार्च, बुधवार

पकडलं! मी अंघोळीला गेल्याचं सोंग केलं आणि दाराआडून बघितलं. भिंगरावांनी इकडे तिकडे पाहिलं, स्वयंपाकघरातून पेला भरून आणला आणि कुंडीत ओतला. चोरासारखा.

मी समोर जाऊन विचारलं, हे काय. कानाच्या पाळ्या लाल. म्हणाले, माती कोरडी दिसली, वाटलं तुम्ही कामाच्या गडबडीत विसरला असाल. मी काटा दाखवला. वजनाचं गणित दाखवलं. त्यांनी चष्मा बदलून आकडे वाचले आणि म्हणाले, "म्हणजे मी तुमचं सगळं बिघडवलं की."

हो. म्हटलं, यापुढे बघा, हात लावू नका.

उद्यापासून हात पाठीमागे बांधून उभे राहायला लागतील, अशी माझी खात्री आहे.

१४ मार्च, गुरुवार

हात पाठीमागे बांधूनच उभे होते. म्युझियममध्ये आल्यासारखे.

१९ मार्च, मंगळवार

उद्यापासून बाहेरगावी. औषधांच्या कारखान्यातली सगळी उपकरणं तपासायची आहेत, आठ-दहा दिवस जातील. सकाळी हे सांगितलं तर भिंगराव घुटमळले. किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवली असती तर... असं अर्धंच वाक्य. ते कधी वाक्य पूर्ण करत नाहीत, समोरच्याने करावं अशी अपेक्षा असते. मी केलं नाही. म्हटलं, गरज नाही, व्यवस्था केली आहे.

व्यवस्था खरोखर सुंदर आहे. मोठी बाटली उलटी टांगली, झाकणातून सलाइनची नळी कुंडीत सोडली. थेंबांचा वेग हिशोबाने लावला. ते बराच वेळ थेंब बघत उभे होते. म्हणाले, "कमाल आहे तुमची." टोमणा असेल असं वाटलं. पण त्यांना टोमणा जमत नाही. त्यालाही डोकं लागतं.

२९ मार्च, शुक्रवार

काटक्या.

बाटली जवळजवळ भरलेली. झाकण घट्ट, हवा आत जायला भोकच नाही! थोडे थेंब पडले आणि थांबले. शाळेतली मुलंसुद्धा ही चूक करणार नाहीत. हवा आत गेली नाही तर पाणी बाहेर येत नाही. दहा दिवस मी लोकांच्या कारखान्यात लोकांच्या चुका काढत होते.

पानं वाळून कुरकुरीत झाली आहेत, हात लावला की गळतात.

समोरच्या काकू दारातच होत्या. म्हणाल्या, "अगं, तुमचे ते चष्मेवाले रोज यायचे हं. बेल वाजवायचे, थांबायचे, जायचे. मी म्हटलं, अहो, ती गावाला गेलीय, तर म्हणाले, माहीत आहे." माहीत आहे आणि बेल वाजवतात! याला काय म्हणावं?

३० मार्च, शनिवार

सकाळी दार उघडताना मी तयारीत होते. ते एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

त्यांनी काटक्या बघितल्या, भरलेली बाटली बघितली, झाकण बघितलं. कळलं त्यांना. चष्मा काढून पुसत राहिले, पुसायचं काही नसताना. मग कात्री मागितली. मी वाळकी टोकं कापली, त्यांनी गळलेली पानं वेचली. पाणी मी घातलं. खाली जाताना म्हणाले, "मुळं चिवट असतात म्हणे."

म्हणे! वर्षभर झाड बघतायत आणि हे "म्हणे" वर.

आईचा फोन आला. मोगरा कसा आहे? म्हटलं, छाटलाय. खोटं नाही ते.

९ एप्रिल, मंगळवार

आठवडाभर नवे कोंब येत होते, ते लिहायच्या लायकीचे वाटले नाहीत. आज दोन कोंबांच्या टोकाला कळ्या आहेत. हिरव्या, तांदळाएवढ्या. भिंग घेऊन बघितलं – म्हणजे त्यांचं भिंग, त्यांनीच खिशातून काढून दिलं. कळ्याच!

वाचून बघितलं. मोगऱ्याला सतत पाणी मिळालं की तो नुसती पानं काढत सुखाने बसतो. मध्ये कोरडा पडू दिला, छाटला, की मग फुलावर येतो. म्हणजे वर्षभर आईने, मग मी काट्यावर तोलून, आणि वर भिंगरावांनी चोरून – सगळ्यांनी मिळून त्याला पाणी पाजून पाजून वांझ ठेवलं होतं. श्रेय कोणाचं? कोणाचंच नाही. झाकणाचं.

हे मी त्यांना सांगितलं. हसले. पहिल्यांदाच आवाज करून हसताना ऐकलं. खालचे दात वाकडे आहेत.

११ एप्रिल, गुरुवार

मावशी हट्टी आहे, व्यायाम करत नाही. आई अजून एक आठवडा थांबणार. मला बरं वाटलं. माझे पुरावे अजून जुळत नाहीत.

१६ एप्रिल, मंगळवार

काल संध्याकाळी पहिलं फूल उमललं. घरभर वास. स्वयंपाकघरात, पडद्यांना, माझ्या ऑफिसच्या पिशवीलासुद्धा.

सकाळी भिंगराव आले. फूल दिसलं की माणसं आधी नाक खुपसतात. हे चष्मा बदलून पाकळ्या बघत बसले. एक, दोन, तीन – थरांवर थर. मग विचारलं, "वास चांगला आहे का?"

मी म्हटलं, हुंगून बघा की. नाक आहे ना?

"नाक आहे," ते म्हणाले. "वास येत नाही. तेरा वर्षं झाली. ताप आला होता, त्यात गेला." आज ऊन जास्त आहे, हे सांगावं तसं सांगितलं.

"मग मोगरा कशाला दिलात?"

"त्यांना आवडतो. चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या होत्या." मग म्हणाले, "कसा आहे, सांगाल?"

ताप, वजन, दाब – काहीही विचारा. वासाला माझ्याकडे एकक नाही. मी कुंडीजवळ वाकले, पुन्हा हुंगलं, बराच वेळ. शेवटी म्हणाले, "चांगला आहे."

भिकार उत्तर. त्यांनी मान हलवली, जसं काही बरंच कळलं.

१७ एप्रिल, बुधवार

दिवसभर कामात चुका. एक थर्मामीटर दोनदा तपासला.

माणूस कंटाळवाणा आहे, यात बदल नाही. वाक्यं अर्धवट सोडतो. एका पानासाठी दोन चष्मे लागतात. जेवताना कसा आवाज करत असेल कोण जाणे, ते मला रोज ऐकावं लागेल. आणि तरी. ज्या गोष्टीतलं आपल्याला स्वतःला काहीही मिळणार नाही, ती कोणी वर्षभर अशी जपेल, हे माझ्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. मी बसवून बघितलं.

त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे एकच खरा पुरावा होता: मला ते नको आहेत. तो पुरावा त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

उद्या आईला फोन करून सांगणार. ती येईपर्यंत थांबले तर पुन्हा तो सूर लागेल.

१८ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. म्हटलं, आई, माझी हरकत नाही. खरंच नाही. तुम्ही करा लग्न.

 ती म्हणाली, "अगं, मी तर इकडे निघायच्या आधीच त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं. तुझ्या तोंडाकडे बघून. म्हणाले, बरं. फक्त तुम्ही नसताना झाड बघत जाईन. त्यांनी बोलून नाही का दाखवलं तुला?"

नाही दाखवलं.

उद्या सकाळी बेल वाजेल. दार मलाच उघडायचं आहे.