निळं दिसलं की दाबायचं नाही

५ जानेवारी

कॉन्व्हेंटच्या ट्यूनिकच्या प्लीट्स मोडू नयेत म्हणून नलू आणि मी ट्यूनिक गादीखाली घालून झोपायचो. रात्रभर कूस बदलायची नाही, असा करार. करार मी पाळायचे. नलूचा पाय पहाटे माझ्या पोटावर, आणि तरी असेंब्लीत सिस्टर कौतुक करणार तिच्याच प्लीट्सचं.

आज हे ब्लॉगवर टाकलं. बरं उतरलंय. नलूला लिंक पाठवली. लगेच उत्तर: ‘खूप छान ताई’, खाली जोडलेले हात. धाकट्या बहिणीचं वाचन भलतंच जलद आहे.

७ जानेवारी

पुण्याहून प्रकाशकांचा फोन. ब्लॉग सुरू करा म्हणून मागे लागले होते ते हेच. आता म्हणतात, ‘छोटं लिहा, बाई. फोटो टाका. एखादी रेसिपी.’ माझी पुस्तकं त्यांच्याकडे पडून राहणार आणि भरीत मी भाजायचं.

वाचक म्हणाल तर एक गृहस्थ आहेत, कशालाही ‘अप्रतिम’ म्हणतात. वाचनालय बंद पडल्याचं लिहिलं, त्यालाही ‘अप्रतिम, असेच होत राहो’.

खरी वाचक एकच. नलू. तिचे यजमान गेल्यापासून अशोका गार्डनच्या घरात दुपारभर एकटी असते. तिला वाचायला काही असावं, म्हणून तर हा उद्योग. हे प्रकाशकांना कशाला सांगा.

११ जानेवारी

सकाळी नलूचं फॉरवर्ड. उघडलं तर माझीच ट्यूनिक! नाव गायब. सिस्टरच्या जागी ‘आदरणीय गुरुजन’. शेवटी नवा परिच्छेद: ‘गेले ते सोनेरी दिवस! आजच्या पिढीला हे संस्कार कळतील का? सहमत असाल तर पुढे पाठवा.’

खाली नलू: ‘ताई, वाच गं! अगदी आपल्यासारखं. मी तर रडले. तू असं काही लिही ना.’

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचा लगदा.

१२ जानेवारी

करामत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सचिवांची; फॉरवर्ड त्यांच्याच ग्रुपवरून निघालेलं. फोन केला, तर माणूस लाजेल की नाही!

‘अहो ताई, नाव घातलं की लोक वाचत नाहीत.’

‘आणि शेवट?’

‘तो मी जोडला. तुमचा जरा हवेतच राहत होता.’

वर, मी आभार मानीन म्हणून वाट बघत थांबले. हेच आमच्या स्मरणिकेचे संपादक. दरवर्षी.

पण चोर मंडळातला, त्याचं काय एवढं. नलूनं माझा लेख ओळखला नाही. लिंक तर पाठवली होती...

१५ जानेवारी

तिळगूळ घेऊन नलूकडे.

‘तू माझं वाचतेस का गं?’

‘म्हणजे काय! प्रत्येकाला उत्तर देते की.’

तिचा फोन हातात घेतला. माझ्या निळ्या लिंका एकाखाली एक, प्रत्येकीखाली जोडलेले हात.

‘उघडायचं असतं का ते?’ नलू म्हणाली. ‘श्रीनं सांगितलंय, निळं दिसलं की दाबायचं नाही.’

तिचे चिरंजीव आतून ओरडले, ‘हो मावशी, मैंने ही बोला है. एक बार दबाया, की खाता साफ!’

‘माझ्या लेखानं?’

‘अब मम्मी को कौन समझाए, कौनसा आपका और कौनसा चोर का. सगळ्या लिंक सारख्याच दिसतात.’

एवढा शिकलेला. आईला दोन मिनिटं शिकवायला मात्र सवड नाही.

‘मला वाटायचं तू पुस्तकाची जाहिरात पाठवतेस,’ नलू म्हणाली. ‘तुला वाईट वाटू नये म्हणून छान छान लिहायचे.’

‘ती ट्यूनिक माझी होती, नलू. मीच लिहिलंय ते.’

‘हो? अगंबाई!’ माझा हात धरला. मग म्हणाली, ‘पण शेवट काय सुंदर केलास गं!’

तिथे हसले. घरी, बाग सेवनियापर्यंत, ऑटोत नाही हसता आलं.

१८ जानेवारी

ब्लॉग ठेवायचा की बुडवायचा, नंतर बघू. कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळे लेख छापून आणले. विसरायला नको म्हणून:

नलूला सगळे, मोठ्या अक्षरांत, बाइंड करून. वर माझं नाव ठसठशीत. मी स्वतः नेऊन द्यायचे, श्रीच्या हाती नाही.

सचिवांना त्यांचा परिच्छेद तेवढा, वेगळ्या कागदावर, त्यांच्या नावानिशी. स्मरणिकेत छापा म्हणावं.

प्रकाशकांना भरताची कृती.

‘अप्रतिम’वाल्या गृहस्थांना काही नाही. त्यांना चालेल.

एक लेख बाइंडिंगमधून काढून ठेवलाय. नलूच्या दुपारांवरचा. टीव्ही लावून त्याच्याकडे पाठ करून ती बसते, आणि जेवायला चुकून दोन ताटं घेते, ते सगळं. इतकी वर्षं ब्लॉगवर टाकला नाही, ती वाचेल म्हणून.

तो पाकिटात घातलाय. पाकिटावर ‘नलू’ लिहिलं. चिकटवलेलं नाही अजून.