गाडीचा बसलेला आवाज

१ जानेवारी १९९७, बुधवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच. गाडीचा आवाज परत आणायचा. अठ्ठ्याहत्तरची राजदूत मोटरसायकल. पूर्वी इथं सुरतेत गोडादऱ्याच्या नाक्यावर वळली की आमच्या गल्लीत कळायचं. गेल्या दोन-तीन वर्षांत आवाज बसत गेला. आता चालू आहे की बंद, हात लावून पाहावं लागतं. इंजिन ठणठणीत. संशय सायलेन्सरवर.

घाई आहे. मेव्हण्यानं, हिलालनं, आमच्या मनीषासाठी स्थळ आणलंय. मुलगा ललित, चलथाणच्या साखर कारखान्यात क्लार्क. १९ तारखेला बघायला येणार. बायको, शोभा, म्हणते, असं स्थळ पुन्हा दारात यायचं नाही. मुलीचा बाप सायकलवाला नाही, हे पाहुण्यांना आत बसल्या बसल्या समजलं पाहिजे.

४ जानेवारी, शनिवार
बन्सीलाल मेकॅनिककडे गेलो. त्यानं गाडी चालू केली, रेस केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणे, अवाज बराबर छे, खोटो खर्चो शाने? आता कोणता मेकॅनिक गिऱ्हाइकाला खर्च करू नको म्हणतो? मागच्या सर्व्हिसिंगला यानंच माझा असली सायलेन्सर काढून घेतला असणार. सायलेन्सरमधली जाळी त्याच्याकडून काढून घेतली. समोर उभं राहून. फरक शून्य.

६ जानेवारी
शेजारचा उखा दारात. त्याची तान्ही नात गाडीनं दचकते म्हणे. जाळी काढल्याचं याला कळलं कसं? बन्सीलालशी संधान दिसतं. उखाकडे सायकल आहे, हेही लक्षात ठेवावं.

९ जानेवारी, गुरुवार
भंगार बाजारात दोन सायलेन्सर पाहिले. एक बाटलीच्या आकाराचा आखूड, एक लांब नळीचा. दुकानदार दोन्हीची खूप तारीफ करत होता, म्हणून दोन्ही सोडले. शेवटी सचिन गावातल्या एका वेल्डरकडून नवा करून घेतला. आतून साफ पोकळ, मागं कर्ण्यासारखं तोंड.

१० जानेवारी
नव्या सायलेन्सरनं प्लग पांढरा पडला. बन्सीलाल म्हणतो, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापेल. प्लग स्वतः पाहिला. एवढं खरं बोलला. कार्बोरेटरमध्ये मोठा जेट टाकला, स्क्रू थोडा सोडला, पुन्हा आवळला. गाडी चालू केल्यावर बन्सीलालनं कानांवर हात ठेवले. ढोंग. मला खूश करायला बघतो. आवाज पूर्वीच्या निम्माही नाही.

११ जानेवारी, शनिवार
एकोणीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात. आता फोरमन. तरी मी आलो की कारीगर आवाज खाली करतात. नुसते ओठ हलतात. काहीतरी शिजतंय. घरीही तेच, शोभा आणि हिलाल समोर बसून पुटपुटतात. अख्ख्या घरात सरळ माणूस एकच, मनीषा. तिचा शब्द न् शब्द कळतो. पोटात एक ओठात एक, असं नाही.

१४ जानेवारी
उत्तरायण. गच्चीगच्चीवर पतंग उडवणारी माणसं, लाऊडस्पीकर लावलेले, पण सगळं कसं थंड. सुरतेत पहिल्यासारखा उत्साह राहिला नाही. हिलालला तसं म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. याच्या मनात काय आहे, देव जाणे.

१९ जानेवारी, रविवार, रात्री
फत्ते. पाहुणे आले तेव्हा दारातच गाडीला किक मारली, चांगली रेस केली, बंद करून आत आलो. मुलाचे वडील, लक्ष्मणराव, सारखे दाराकडे बोट दाखवत होते. मी मान डोलावली. हो, आमचीच. पाहुणे फार हळू बोलणारे. देण्याघेण्याचं आपसात ठरवत असावेत, म्हणून लक्ष ठेवून होतो. मधेच ललित स्वतः उठून गाडीपाशी जाऊन आला. त्यानंतर सगळे सैल होऊन बसले. मुलाला गाडी पसंत. मनीषानंही सगळ्या प्रश्नांची खणखणीत उत्तरं दिली. शोभाचं तोंड मात्र उतरलेलं. आईचं मन, दुसरं काय.

२० जानेवारी
गाडीची किल्ली टीव्हीवर सापडली. मी तिथं कधी ठेवत नाही. कोणी हात लावला? उखा?

२३ जानेवारी, गुरुवार
हिलाल येऊन गेला. चलथाणहून नकार. कारण विचारलं तर शोभाकडे बघून ओठ हलवतो. उखानं नक्की कान फुंकले. लग्नं मोडणारी माणसं वेगळी दिसत नाहीत. उद्या त्याला सोडत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
उखाकडे निघालो होतो. शोभानं दार अडवलं. कानाशी तोंड आणून ओरडली. म्हणाली, उखाले काय बोलतस? गाडी तुम्ही बंदच करेल नव्हती.

गाडी चालूच होती. किल्ली पुरती फिरली नव्हती. धूर घरात येत होता, पाहुण्यांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. लक्ष्मणराव बोट दाखवत होते ते त्यासाठी. शेवटी ललितनं जाऊन गाडी बंद केली, किल्ली टीव्हीवर ठेवली.

म्हटलं, एवढ्यावरून कोणी स्थळ मोडतं का? शोभा म्हणाली, त्यावरून नाही मोडलं. गाडी बंद झाल्यावरही मनीषा तशीच बोलत राहिली. मुलाच्या आईनं नाव विचारलं तरी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण फार मोठ्यानं बोलते, आमच्या घरात चालायचं नाही.

मग शोभानं विचारलं, घरात तिला मोठ्यानं बोलायची सवय कोणामुळे लागली?

फार वाईट वाटलं. उखाकडे गेलो नाही.

२६ जानेवारी, रविवार
बन्सीलालकडून जुना सायलेन्सर बसवून घेतला, जाळीसकट. त्यानं विचारलं असावं काहीतरी. मी मान हलवली.

संध्याकाळी मनीषा स्वयंपाकघरात आईसमोर बसून हळू बोलायचा सराव करत होती. मी दारात उभा राहिलो. बराच वेळ. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. म्हणजे पोरीला जमतंय.