घड म्हणजे एक फळ

१ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून साखर बंद. चहातली, शिऱ्यातली, सगळी. स्वभावातली आधीपासूनच बंद आहे, असं ललिता म्हणाली. पत्नी असल्याने या वहीत तिचं नाव फक्त अडथळ्यांच्या यादीत येईल.
कारण नोंदवून ठेवतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावाही त्याच वाटेवर. सर्जन म्हणतात, तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या खाली आणा, मग ऑपरेशन. आज ती ८.९ आहे. पुढची तपासणी २ मे, ऑपरेशन ६ मे. आमच्या पेपरात माझं रविवारचं सदर पाहणाऱ्या अमितचा काल फोन आला होता. सर, मागच्या लेखात एकच परिच्छेद दोनदा आलाय. वाचकांना वाटलं, मुद्द्यावर जोर दिलाय. संपादकांना तसं वाटलं नाही. मेपर्यंत डोळा झाला नाही, तर सदर दुसऱ्याकडे.
बावीस वर्षांचं सदर! त्यापुढे साखर म्हणजे काय?

३ फेब्रुवारी
मधुमेहाच्या डॉक्टर तेजस्विनीकडे जाऊन आलो. शाळेत माझी विद्यार्थिनी. संस्कृतात तिचा एक गुण मी विसर्गासाठी कापला होता. ती विसरलेली नाही.
वजन ८५. आहाराचा छापील कागद मिळाला. त्यात, ‘मधल्या वेळी एक फळ’. मी विचारलं, फळातली साखर नैसर्गिक, तिचा कसला हिशोब? ती म्हणाली, सर, रक्ताला साखरेचं गोत्र कळत नाही.
वाक्य चांगलं आहे. सदरात वापरीन, नाव न देता. मत मात्र चूक. ऋषिमुनी कंदमुळं-फळं खाऊन हजार हजार वर्षं तप करत. कुणाची साखर वाढल्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही.

९ फेब्रुवारी
भाचा वाल्मीक चांदवडहून आला. द्राक्षांचं पहिलं कॅरेट, दहा किलो. बागेतला पहिला माल मामाला, ही माझ्या बहिणीची शिस्त. ती गेली, शिस्त चालू आहे. नको म्हणवलं नाही. मामा, एक्स्पोर्टचा माल हाय, लय गोड, म्हणाला. हीच तर अडचण.
कागद पुन्हा वाचला. एक फळ. घड हे एक फळ की अनेक, याचा खुलासा नाही. एका देठाला लागतो, कात्रीच्या एका चाव्यात तुटतो. एकच.

११ फेब्रुवारी
कॅरेट संपवायचा उपाय म्हणजे वाटून टाकणे. खालच्या मजल्यावरचे रंगनाथ एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत, त्यांना दोन किलो देऊन आलो. संध्याकाळी आमच्या कडीला पिशवी. त्यांच्या साडूच्या बागेतली, अडीच किलो, काळी. तुलना न करणं दोन्ही बागांवर अन्याय झाला असता.

१४ फेब्रुवारी
वजन ८३! उपाशीपोटी साखर १३८! मशीन मी स्वतःच पाहतो. ललिताला त्यात डोकवायची गरज नाही. फलाहाराचा विजय.

२० फेब्रुवारी
तरी सावधगिरी बरी. रिकामं कॅरेट चांदवडच्या जीपने परत धाडलं. न बोलता निरोप पोचला. अर्थ स्पष्ट आहे, पुरे.

२२ फेब्रुवारी
कॅरेट परत आलं. भरलेलं. सोबत दुसरं.
वाल्मीकचा फोन. मामा, दहा दिवसांत रिकामं? मी घरात म्हटलंच, मामाला लय आवडली दिसत्यात! रंगनाथांना सांगितलं, तर हसून भिंतीला टेकले. अहो, रिकामं कॅरेट गेलं म्हणजे अजून पाठव, असंच समजतात ना! जन्म नाशकात गेला आणि एवढंही मला कळू नये.

१० मार्च
नवं धोरण. कॅरेट परत करायचंच नाही. दोन्ही गॅलरीत ठेवली, ललिताने त्यात चपला भरल्या.

१७ मार्च
वाल्मीक स्वतः हजर. चेहरा पडलेला. कॅरेट परत आलं नाही म्हणजे माल बरा नव्हता का? मामी रागावल्यात का? ललिता म्हणाली, नाही रे बाबा, तुझे मामा तप करताहेत. त्याला काही समजलं नाही. यंदाचा सगळ्यात गोड प्लॉट आपल्यासाठी राखला होता म्हणे. दोन कॅरेट ठेवून गेला.
त्याच्या समोर एक घड खाल्ला. नातं जपायला एवढं करावं लागतं.

२४ मार्च
उरलेल्या द्राक्षांचे ललिताने गच्चीवर बेदाणे घातले. बेदाण्यातलं पाणी गेलेलं असतं, म्हणजे वजनाला तो द्राक्षापेक्षा हलका. डाएटला उत्तम. मूठभर.

५ एप्रिल
वजन ८३. साखर १३३. स्थिर आहे.
अमितने लेखाचं प्रूफ पाठवलं. अक्षरं जरा पुसट होती. उत्तम, शेवटचा परिच्छेद विशेष जमलाय, असं कळवलं. त्याचा लगेच फोन. सर, ती चुकून कूलरची जाहिरात गेली होती.

१९ एप्रिल
रंगनाथांकडे द्राक्षाचा रस. चावावं लागत नाही, म्हणजे हे खाणं नव्हेच. मी नको म्हणालो होतो. पुरेसं मोठ्याने म्हणालो नसेन.

२ मे, दुपार
रिपोर्ट आला. ललिताने वाचला. ९.७.
पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा ९.७.
मग तिने घरचं मशीन आणलं आणि त्यातले जुने आकडे एकामागून एक काढले. १८८. १८३. १८८. अहो, तुम्ही तीन म्हणता तो आठ आहे, म्हणाली. मग वजनकाट्यावर उभं केलं. ८८.
ज्या डोळ्यासाठी साखर मोजत होतो, त्याच डोळ्याने मोजत होतो.

४ मे
तेजस्विनी रागावली नाही. ते जास्त लागलं. गोळ्या वाढवल्या. ऑपरेशन आता ऑगस्टमध्ये बघू, सर. उठताना म्हणाली, तुम्ही माझा एकच गुण कापला होता. तुमचे शून्य पूर्णांक आठ वाढलेत.
संध्याकाळी अमित. थोडी विश्रांती घ्या, सर. त्याचा आवाज फार मऊ होता. मी म्हटलं, बरं.

१० मे, रविवार
माझ्या जागेवर एका आहारतज्ज्ञ मुलीचं नवं सदर. पहिला लेख, फळातली साखर मोजावी का? ललिताने मोठ्याने वाचून दाखवला. मला अक्षरं दिसत नाहीत, ऐकू मात्र नीट येतं. मोजावी, म्हणे.
मुलगी लिहिते बरी.

११ मे
आजची नोंद मी सांगतोय आणि ललिता लिहितेय. कालची मी आधीच्या नोंदीवरच लिहिली होती म्हणे. तिने वही वाचली का, हे विचारलं नाही. सकाळपासून ‘अडथळ्यांची यादी’ हे शब्द तिने दोनदा वापरले.
संकल्प : आजपासून द्राक्षं पूर्ण बंद.
ती लिहीत नाही. म्हणते, सीझन संपून पंधरा दिवस झाले. लिही म्हटलं. लिहिलं.
वाल्मीक आलाय. रिकामी कॅरेटं हवीत म्हणे. ललिताने विचारलं, आता कशाला रे? बांधावरचा केसर उतरलाय मामी, आंबे भराया.
पुढचं वाक्य लिहायला ललिता तयार नाही. पेन माझ्या हातात देऊन कॅरेटांतल्या चपला काढायला गॅलरीत गेली. मीच लिहितो.
आंबा हे निर्विवाद एक फळ आहे.
ओळ सरळ आली असावी.