कोठारामागचा दुसरा बॅकहो

वेंडेल,

तू उठशील तेव्हा मी त्या भंगारवाल्याच्या दारात उभा असेन. कॉफी केलेली नाही.

काल कब्रस्तानात बाबांच्या बॅकहोचा, त्या खोदायच्या यंत्राचा, मागचा हात फिरवणारा सिलिंडर फुटला. तोवर खड्डा गुडघाभरही झाला नव्हता. कारखान्याने हे सुटे भाग करणे केव्हाच सोडले. म्हणूनच बाबांनी तसाच एक बंद पडलेला बॅकहो कोठारामागे जपला होता आणि त्याचे अवयव काढून पहिल्याला जिवंत ठेवले होते. मी नट खोलायचे पाने घेऊन तिथे गेलो, तर चिखलात चाकांचे चर तेवढे उरले होते.

"गंजका सांगाडा तो, दादा! दिला भंगारात. बघ, परसदार कसं मोकळं झालं!" असे तू हसत म्हणालास. मी तसाच आत निघून गेलो; थांबलो असतो तर हात उठला असता.

आई जानेवारीत गेली. गोठलेली जमीन सैल होण्याची वाट पाहत ती अजून कब्रस्तानाच्या दगडी खोलीत, शवपेटीत आहे; आता कुठे जमीन खणण्याजोगी झाली. उद्या दफनाला पाद्री येतील. बाबांची कबर खोदणाऱ्या यंत्रानेच आपलीही खोदावी, हे तिचे मागणे तूही ऐकले होतेस.

भंगारवाल्याने सांगाडा अजून चेपला नसेल, तर सिलिंडर मिळेल. भरवसा नाही. पहार आणि फावडे दारात ठेवली आहेत; तू हाताने खोदायला लाग. बाबांच्या डावीकडे दोरीने जागा आखलेली आहे.

मी परतेन तेव्हा तू खांद्याइतका खोल गेलेला असावास. त्याहून वर मला तुझे तोंड पाहायचे नाही.

आल्डन