शाल कुणाच्या खांद्यावर

प्रिय सुनिल,

पाकिस्तानातल्या त्या जेलमध्ये तुला हे पत्र कधी मिळेल, मिळेल की नाही, कोण जाणे. घरची काळजी करू नकोस. तुझ्या आईचा खोकला कमी आहे. तुझी शितल सायकल शिकली, आता एकटीच सरावलीच्या शाळेत जाते.

आपल्या तारपा मंडळाचा डहाणूत सत्कार ठरलाय. संस्थापकाला स्टेजवर शाल देऊ, नाव कळवा, असा आयोजकांचा फोन आला आणि तिथूनच फाटलं. मनिष म्हणाला, मंडळ मी काढलं, नोंदणीसाठी पालघरच्या खेपा मी मारल्या. मी म्हणालो, कागदपत्रं मी लिहिली, चारोटीचा पहिला कार्यक्रम मी आणला. पाड्यात दोन तट पडले. कमरेला हात घालून एका फेरात नाचणारी पोरं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

खरं काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. लग्नांत डीजे आला, पोरं तारप्याला हसायला लागली, त्या वर्षी पाड्यापाड्यानं हिंडलास तो तू. वाजवणं सोडून तुक्याकाकांनी भिंतीला टांगून ठेवलेला तारपा काढून परत त्यांच्या हातात दिलास तो तूच. मी आलो तेही तू घरातून ओढून नेलंस म्हणून. मनिष तर त्याही नंतरचा. पुढं तू पोरबंदरच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलास आणि नोंदणीच्या वेळी सही करायला नव्हतास. एवढंच.

रविवारी बैठक झाली. लाडकीवहिनी मागं बायकांत बसली होती. ती उठली आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं नाव कोणीच कसं घेत नाय?” मनिषनं मान खाली घातली. आणि मी, सुनिल, मी बोललो. म्हणालो, “वहिनी, जो हाय त्याचं बोलूया. जो नाय त्याच्या खांद्यावर शाल कशी घालणार?” मागं कुणीतरी हसलं.

ती म्हणाली, “तो मेला नाय, उमेशभाऊ. पकडून नेलाय त्याला.”

शितल शेजारीच होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आईचा हात धरून तिला बाहेर नेलं. त्यांना कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी नरपडच्या चिकूवाडीतून कामावरून येताना मी तिला रस्त्यात गाठलं. चुकलं, माफ कर, म्हणालो. ती चालतच राहिली. “माझी माफी कशाला मागता? ज्याचं नाव खाल्लं त्याला लिवा. मी नाय लिवणार. त्याला तिथं दुःख काय कमी हाय?”

म्हणून लिहितोय. तिनं तुला यातलं काही कळू दिलं नसतं, आणि मीही सुखानं गप्प बसलो असतो. येत्या शनिवारी पुन्हा बैठक आहे. तिथं मी तुझं नाव घेणार आहे, एकट्याचं. मनिष मानेल की नाही, वहिनी शाल घ्यायला स्टेजवर येईल की नाही, ठाऊक नाही. पण आता माझा मलाच भरवसा वाटत नाही. चार माणसं ‘उमेश, तूच रे’ म्हणाली की मी पुन्हा पाघळेन. म्हणून बैठकीच्या आधीच हे पत्र टपालात टाकतोय. एकदा ते तुझ्याकडं निघालं, की मला मागं फिरता येणार नाही.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर, तुझाच,
उमेश