काचेआडचं ऊन

५ जानेवारी
चिमणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी अकरा. तीस तरी हवं म्हणे. नावाची चिमणी, स्वतःपेक्षा जड लोखंड डोक्यावर उचलते, आणि रक्तात अकरा. कोचसाहेब म्हणाले, मांड्यांत जोर टिकत नाही तो यामुळेच. आठवड्याला एक पुडी दुधातून, मग पुन्हा तपासणी, मग मार्चमध्ये निवड चाचणी. दोन वर्षं पोरीच्या डोक्यात दुसरा विषय नाही.
औषधवाल्याने पुडीची किंमत सांगितली आणि माझं डोकंच फिरलं. देव आकाशातून फुकट ओततो ते हा कागदात बांधून विकणार. मॅट्रिकला मला शास्त्रात पासष्ट होते. ऊन म्हणजे डी. विषय संपला.

६ जानेवारी, सकाळी नऊ
गॅलरीत खुर्ची टाकली. चिमणी अर्ध्या चड्डीत बसणार म्हणून काचा बंद. समोरच्या इमारतीतली रिटायर मंडळी दिवसभर कठड्याला लटकलेली असतात. मी शेजारी जपाला बसले, एका वेळेत दोन कामं. काचेने ऊन दुप्पट तापतं. पोरीला घाम फुटला. म्हणजे मुरतंय.

१४ जानेवारी
हे म्हणाले, काचेतून डी येत नाही, ऑफिसात कोणी सांगितलं. संताप झाला. ऊन आत येतं आणि डी काय दाराबाहेर चपला काढत बसतं? यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, आणि मला सूर्य शिकवतात.

२ फेब्रुवारी
कोचसाहेबांचा फोन. ताई, डोस चालू आहे ना? म्हटलं, न चुकता. खोटं कुठे बोलले? पुडी हा शब्द त्यांनी काढला नाही, मीही नाही. देवापुढे आज जरा जास्त वेळ बसले, इतकंच.

१७ फेब्रुवारी
चिमणी म्हणते, जिना चढताना मांड्या भरून येतात. सरावात बार दोनदा टाकला. तडक हॉलवर गेले. पत्र्याचा हॉल, खिडकी औषधाला नाही, ट्यूबलाइटखाली पोरं कोंडलेली. सगळ्यांसमोर ऐकवलं, मी सकाळी भरते आणि तुम्ही संध्याकाळी गाळता. कोचसाहेब शांतपणे म्हणाले, ताई, एखादी पुडी चुकली का? म्हटलं, एकही नाही. चिमणी बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

४ मार्च
रिपोर्ट नऊ. लॅबवाल्याशी भांडले, बाटल्या बदलल्यात तुम्ही. तो म्हणाला, बाई, पुन्हा काढू, पैसे पुन्हा पडतील. मेले रक्तपिपासू.
संध्याकाळी कोचसाहेब घरी आले. पुड्या घेऊनही उतरतंय म्हणजे अंगी लागत नाही, आतड्याचं काही असेल. मोठ्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय बारला हात लावू देणार नाही. चाचणीतून नाव काढलं. चिमणीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी चहा ठेवायला आत गेले. तो उकळून उकळून कडूजहर झाला. यांनी तो निमूट प्यायला. त्याचाच जास्त राग आला.

५ मार्च
सांगून टाकायचं ठरवलं. देवाला हात जोडले, औषधवाल्याकडून पुड्या विकत घेतल्या, हॉल गाठला. मी तोंड उघडायच्या आत कोचसाहेबच सुरू झाले. ताई, सकाळी तुमची लेक येऊन कबूल करून गेली. आजारबिजार काही नाही, पुडीची चव आवडत नाही म्हणून दूध मोरीत ओतत होती. तुम्ही इतकं जपता आणि हिची ही थेरं. पुढच्या वर्षी बघू. यंदा शिक्षा म्हणून बाकीच्यांच्या बारवर वजनं चढवेल.
मी सांगणारच होते. पुड्या पिशवीतच राहू दिल्या.
घरी आल्यावर पुडी दुधात ढवळून दिली. ती घटाघट प्यायली. चव कशी आहे विचारलं. गोड आहे म्हणाली.

९ मार्च
निवड चाचणी. मी जाणार नव्हते. कोचसाहेबांनीच बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. खेळ सुरू व्हायच्या आधी इतर आयांना म्हणाले, मुलीपायी कोणी किती करावं ते या ताईंना विचारा. सगळ्या वळून बघायला लागल्या. एकीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.
मी उभी राहून नमस्कार केला. समोर चिमणी वाकून दुसरीच्या बारला वजन लावत होती. तिनेही हात झटकून टाळ्या वाजवल्या.